मॉरिशसचा पश्चिम किनारा: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टूर कशी ठरवावी

जाहिरातीत ‘वेस्ट कोस्ट फुल डे टूर’ असं लिहिलेलं असतं आणि खाली दहा-बारा ठिकाणांची यादी. ती यादी वाचून आम्ही पहिल्या खेपेला लगेच पैसे भरले. संध्याकाळी हॉटेलवर परतलो तेव्हा डॉल्फिन, धबधबा, रंगीत माती, तलाव सगळं ‘बघून’ झालं होतं, पण डोळ्यांसमोर येत होती ती गाडीची खिडकी आणि ड्रायव्हरचं ‘टेन मिनिट्स ओन्ली’. दुसऱ्या खेपेला तेच सगळं दोन दिवसांत विभागलं आणि निम्मी दगदग वाचली. या लेखातला मुख्य सल्ला तोच आहे: समुद्राचा दिवस वेगळा, डोंगराचा दिवस वेगळा.

आधी नकाशा उघडा

बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५. त्यामुळे ‘एका दिवसात होईल की’ असं वाटतं. पण विमानतळ आग्नेय टोकाला, पश्चिम किनारा त्याच्या उलट बाजूला आणि मध्ये उंच पठार. विमानतळावरून फ्लिक आँ फ्लाकला पोहोचायला तास-सव्वातास सहज लागतो, आणि किनाऱ्यालगतचा रस्ता गावागावांतून जात असल्यामुळे वेग कमीच असतो.

पश्चिम किनाऱ्याची गावं उत्तरेकडून दक्षिणेकडे लक्षात ठेवा: फ्लिक आँ फ्लाक, तामारिन, ब्लॅक रिव्हर, काझ नोयाल, ला गोलेट आणि शेवटी ल मॉर्नचा कडा. काझ नोयालपाशी एक वळणावळणाचा घाट वर शामारेलला चढतो. सगळ्या टूर या दोन रेघांवरच फिरतात, एक किनाऱ्याची आणि एक घाटाची. नावं फ्रेंच आहेत, त्यामुळे कागदावर दिसतं तसं बोललं जात नाही. ड्रायव्हर काय म्हणतोय ते कळावं म्हणून उच्चार आधी ऐकून ठेवलेले बरे.

आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, सह्याद्रीला अडतो आणि देशावर कोरडं पडतं. मॉरिशसला गणित उलटं आहे. तिथे वारा आग्नेयेकडून येतो, मधल्या पठारावर पाऊस टाकतो आणि पश्चिम किनारा पर्जन्यछायेत राहतो. तामारिनला मिठागरं आहेत ती त्यामुळेच. पूर्व किनाऱ्यावर लाटा आणि वारा असतो तेव्हा पश्चिमेला पाणी बऱ्याचदा शांत असतं, म्हणून बोटीची बहुतेक मजा याच बाजूला.

केव्हा जायचं

दक्षिण गोलार्ध असल्यामुळे मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा. हिवाळा म्हणजे दिवसा टी-शर्ट आणि संध्याकाळी पातळ जाकीट. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर मुंबईच्या घामातून थेट सुखद हवेत उतरता. दिवाळीची सुट्टी माझ्या मते सगळ्यात चांगली: पाणी कोमट व्हायला लागलेलं असतं आणि पावसाळा अजून यायचा असतो. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. रोज वादळ येतं असं नाही, पण इशारा लागला की बोटी बंद, रस्ते बंद. त्या दिवसांत जाणार असाल तर मधे एक मोकळा दिवस ठेवा.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पहिले एक-दोन दिवस पहाटे आपोआप जाग येते. ती जाग बोटीच्या दिवसासाठी वापरा.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी लागते, आणि प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच सरकारी संकेतस्थळ बघा. फळं, बिया, रोपं परवान्याशिवाय नेऊ नका. घरून निघताना आजीने पिशवीत घातलेली आंब्याची करंडी विमानतळावरच राहते.

टूरवाल्याला विचारायचे प्रश्न

पश्चिमेची टूर तीन प्रकारांनी मिळते. मोठ्या बसमधली गटाची टूर सगळ्यात स्वस्त, पण सकाळचा पहिला तास-दीड तास हॉटेलं फिरून माणसं गोळा करण्यात जातो. ड्रायव्हरच गाइड असलेली टॅक्सी दिवसभरासाठी घेता येते. चार माणसं असतील तर हीच परवडते आणि थांबायचं कुठे ते आपल्या हातात राहतं. तिसरी बोटीची टूर: स्पीडबोट किंवा दोन पोटांची मोठी शिडाची बोट, कॅटामरान.

फोनवर किंवा मेसेजवर एवढं विचारून घ्याच. शामारेलचं प्रवेश तिकीट किमतीत धरलंय की वेगळं? जेवण आहे का, आणि शाकाहारी माणसाला ताटात काय पडणार? बोटीवर किती माणसं घेता? लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं आहे का? हवामान बिघडलं तर पैसे परत की दुसरा दिवस? हॉटेलवरून नेणं-आणणं आहे का? आणि बोटवाल्याकडे पर्यटनाचा परवाना आहे ना? किनाऱ्यावर उभं राहून ‘डॉल्फिन, डॉल्फिन’ करणाऱ्या प्रत्येकाकडे तो असेलच असं नाही. प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावत नाही. रागावला तर पुढच्या माणसाकडे जा.

‘शॉपिंग स्टॉप’ हा शब्द यादीत दिसला तर तो काढून टाकायला सांगा. जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींची दुकानं बघण्यासारखी असतात, मान्य, पण तिथे गेलेला पाऊण तास शेवटी ल मॉर्नच्या वेळेतून कापला जातो.

राहायला फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारिन निवडा. उत्तरेला ग्रांद बेमध्ये राहून पश्चिमेची टूर घेणं म्हणजे ठाण्यात राहून रोज अलिबागला जाण्यासारखं आहे.

पहिला दिवस: समुद्र

पहाटे सहाच्या सुमाराला उठायची तयारी हवी. तामारिनच्या उपसागरात स्पिनर डॉल्फिनचे कळप येतात. ते रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ, शांत पाण्यात विश्रांती घेतात. म्हणजे आपण बघायला जातो तेव्हा त्यांची झोपायची वेळ असते, हे लक्षात असू द्या. दहा-पंधरा बोटींनी एका कळपाला वेढलेलं दृश्य मी पाहिलंय, आणि ते पाहून मजा वाटत नाही. चांगला बोटवाला लांब इंजिन मंद करतो आणि डॉल्फिनच्या वाटेत आडवा जात नाही. ‘पोहायला उडी मारू का?’ असं विचारण्याऐवजी ‘लांबूनच बघू’ असं आपणच सांगितलं तर त्यालाही सोपं जातं. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान याच बाजूला हंपबॅक देवमासेही दिसू शकतात. दिसतीलच अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिथून बोट दक्षिणेकडे वळते. किनारा आणि प्रवाळाची भिंत यांच्यामध्ये जे उथळ, हिरवट-निळं पाणी असतं त्याला तिकडे लगून म्हणतात. लाटा भिंतीवर फुटतात, आत पाणी तळ्यासारखं. याच पाण्यात क्रिस्टल रॉक नावाचा प्रवाळी खडक उभा आहे, पायथ्याशी झिजलेला, वर रुंद, अळंबीसारखा. त्यावर चढू नका, हात लावू नका. पलीकडे इल ओ बेनितिए हे लांबट, सपाट बेट. बेनितिए म्हणजे मोठा शिंपला. बहुतेक बोटी इथेच किंवा बोटीवरच दुपारचं जेवण देतात: निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, मासे, कोशिंबीर, पाव. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा. सकाळी सांगितलंत तर कोशिंबीर आणि पाव एवढंच राहतं.

आता आत्याची गोष्ट. ‘आम्ही रत्नागिरीच्या, आम्हाला कसली बोट लागते’ म्हणून तिने उलटीची गोळी घेतली नाही. भिंतीच्या आत पाणी शांतच होतं, पण डॉल्फिनसाठी बोट भिंतीबाहेर गेली आणि थांबली. चालती बोट त्रास देत नाही, थांबून डुलणारी देते. गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या, पोट रिकामं ठेवू नका आणि बोटीच्या मागच्या बाजूला बसून क्षितिजाकडे बघा.

पाण्यात उतरताना रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला. तळाशी सागरी साळिंदर म्हणजे काटेरी अर्चिन असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही असतो. उन्हासाठी क्रीमच्या थरांपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट चांगला. पाठही वाचते आणि क्रीमपासून प्रवाळही. शंख-प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून खिशात टाकू नका, परतताना विमानतळावर अडवतात.

दुपारी तीनपर्यंत परत येता. त्या दिवशी आणखी काही करू नका. फ्लिक आँ फ्लाकच्या लांबलचक किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. मुरूड-दिवेआगरची आठवण होईल, फक्त सूर्य बुडतो त्या बाजूला अरबी समुद्र नाही, आफ्रिका आहे.

दुसरा दिवस: घाट आणि पठार

सकाळी आठला निघा. क्रम महत्त्वाचा: आधी वर, मग खाली. पठारावर दुपारनंतर ढग उतरतात, आणि कडे-दऱ्या बघायला गेलेल्या माणसाला पांढरा पडदा दिसतो. बऱ्याच टूर दुपारी दोनला व्ह्यूपॉइंटवर नेतात, ते टाळा.

वाटेत तामारिनची मिठागरं रस्त्यालगतच आहेत. काळ्या दगडांच्या चौकोनी वाफ्यांत पाणी आणि मागे टोकदार डोंगर. पाच मिनिटं थांबा. ला प्रेनूजला समुद्राकडे तोंड करून एक गोल, जाड भिंतीचा बुरूज आहे. इंग्रजांनी १८३० च्या दशकात बांधलेला हा मार्टेलो टॉवर. गुलामगिरी बंद होणार म्हणून बेटावरचे फ्रेंच मळेवाले बिथरतील आणि बाहेरून त्यांना मदत येईल अशी भीती होती. किल्ले बघायची सवय असलेल्या मराठी माणसाला तो चिमुकलाच वाटेल, पण पुढे ल मॉर्नला जे ऐकायचं आहे त्याची सुरुवात इथे आहे.

काझ नोयालपासून घाट चढलात की शामारेल. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर पहिल्यांदा धबधबा लागतो, शंभर मीटरच्या आसपासची एकच उभी धार. मग सात रंगांची माती. लाल, तपकिरी, जांभळी, निळसर, पिवळी अशा मातीच्या लाटा, आणि त्यावर गवताचं पातंही नाही. ढगाळ दिवशी हे रंग मळकट दिसतात, सकाळच्या तिरप्या उन्हात खुलतात. कुंपणाबाहेरूनच बघायचं असतं, आणि शेजारी महाकाय कासवं पाळलेली आहेत. लहान मुलं मातीपेक्षा तिथेच रमतात.

गाइड इथे ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा मोठी गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. काळा बेसॉल्ट खडक उष्ण, दमट हवेत कुजत जातो, विरघळणारी द्रव्यं पावसाबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. हे रंग त्यांचे. कोकणातला जांभा दगड आणि लाल माती याच कारखान्यात तयार झाली. इतकंच नाही, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणामुळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार लाव्ह्याने लिंपलं गेलं, त्याच ठिकाणावरून भूपट्ट सरकत असताना पुढे मालदीव, मग मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन बेट घडलं. मॉरिशसचा कातळ तरुण, जेमतेम ऐंशी-नव्वद लाख वर्षांचा. सह्याद्री आणि हा घाट एकाच चुलीवरचे, फक्त पंगती वेगवेगळ्या.

शामारेलहून पठाराच्या रस्त्याने ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या व्ह्यूपॉइंटवर जा. हे राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये जाहीर झालं, आणि बेटावरचं मूळचं जंगल जे काही उरलंय त्याचा मोठा भाग इथे आहे. डोडो याच बेटाचा पक्षी, सतराव्या शतकात संपला. पण इथला मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा १९७४ मध्ये निसर्गात फक्त चारच उरला होता आणि तरीही वाचवला गेला. गुलाबी कबूतरही तसंच काठावरून परत आलं. दिसतीलच असं नाही, पण दरीकडे बघताना मान वर ठेवा. पार्किंगमधली माकडं मूळची इथली नाहीत, माणसांनी आणलेली आहेत, आणि माथेरानच्या माकडांइतकीच पिशवीवर नजर ठेवून असतात.

वेळ असेल तर आणखी पुढे गंगा तलाव, म्हणजे ग्रांद बासँ. विवरातलं तळं, काठावर देवळं आणि १०८ फूट उंच मंगल महादेवाची मूर्ती. खांदे झाकलेले कपडे ठेवा. महाशिवरात्रीच्या आठवड्यात बेटभरातून लोक चालत इथे येतात आणि रस्ते भरून वाहतात. तेव्हा टूर नको, गेलात तर त्यांच्याबरोबर चालायलाच जा.

जेवायला परत शामारेलला या. इथे रमचा कारखाना आहे, उसापासून रम कशी होते ते दाखवतात आणि चवही देतात. पिणाऱ्यांनी प्यावी, ड्रायव्हरला देऊ नये. कॉफीही शामारेलचीच मागा.

ल मॉर्नला घाई करू नका

दुपारी तीनच्या सुमाराला घाट उतरून ला गोलेटमार्गे ल मॉर्नकडे. ५५६ मीटर उंचीचा हा एकाकी कडा समुद्रात पाय टाकून उभा आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या कपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. लोक सांगतात की ती बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडायला आले असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली कथा आहे. २००८ मध्ये युनेस्कोने ल मॉर्नला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो या आठवणीसाठी, समुद्रकिनाऱ्याच्या सौंदर्यासाठी नव्हे. पायथ्याशी स्मारक आहे. बहुतेक टूर तिथे थांबत नाहीत, थांबायला सांगा.

गुलामगिरी संपली आणि मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसं आणली गेली. त्यांच्यात कोकणातलेही होते. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात मराठी वस्ती जुनी आहे, शाळांतून मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि बाबाजी, भिवाजी ही पणजोबांची नावं आता आडनावं झाली आहेत. टॅक्सीवाल्याचं आडनाव असं काही असेल तर मराठीत बोलून बघा. आमच्या ड्रायव्हरदादांना फार बोलता येत नव्हतं, पण आरती पूर्ण पाठ होती. कड्यासमोर गाडी उभी करून त्यांनी ती म्हणूनही दाखवली.

कडा चढायचा असेल तर त्यासाठी तिसरी सकाळ काढा. पहाटे लवकर सुरुवात करा, स्थानिक गाइड घ्या. खालची वाट रुंद आणि सोपी, वरचा टप्पा हाताने धरत चढण्याचा आहे, काही ठिकाणी दोर लावलेले असतात. उंचीची भीती असेल तर खालच्या टप्प्यावरूनही लगून पूर्ण दिसतं. आणि ल मॉर्नसमोरच्या समुद्राच्या फोटोत दिसणारा तो ‘पाण्याखालचा धबधबा’ किनाऱ्यावरून दिसत नाही. वाळू आणि गाळ उतारावरून ओघळताना होणारा तो नजरेचा भास आहे, फक्त हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातून दिसतो. तो दाखवतो म्हणणारा टूरवाला बोटीचेच पैसे घेत असेल तर समजून घ्या.

पोहायचं असेल तर ल मॉर्नच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जिथे स्थानिक कुटुंबं पाण्यात आहेत तिथेच उतरा. काइटसर्फिंग चालतं त्या बाजूला प्रवाह जोरात असतो.

खाणं आणि सुटे पैसे

रस्त्यावर ढोल पुरी खा. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली मऊ, पातळ पोळी, म्हणजे गूळ विसरलेली पुरणपोळी, त्यात पावट्यासारख्या दाण्यांची रस्सा भाजी आणि झणझणीत चटणी. नेहमी जोडीनेच देतात. गातो पिमाँ म्हणजे आपला डाळवडा. अननस सोलून मीठ-मिरची-चिंच लावून देतात, तो किनाऱ्यावर हवाच. आलुदा हे फालुद्याचं भावंड.

तिथलाही रुपयाच, पण आपल्या रुपयापेक्षा महाग. नोटेवर देवनागरी अक्षरं दिसतील. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झालं आहे, तरी प्रत्येक दुकानात चालेल असं धरून चालू नका. बोटवाला, अननसवाला आणि शौचालय यांना रोख लागते. चार्जिंगसाठी तीन चौकोनी पिनांचा इंग्रजी प्लग बरोबर ठेवा.

शेवटचा थांबा माकोंद. ल मॉर्नच्या पुढे, बे द्यु कापच्या अलीकडे रस्ता समुद्राला चिकटून एक तीव्र वळण घेतो, आणि वर खडकावर चढायला पायऱ्या आहेत. सूर्यास्त जून-जुलैत पावणेसहाच्या सुमाराला, डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास. ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा की सूर्य बुडाल्यावरही वीस मिनिटं थांबायचं आहे, नाहीतर तो इंजिन सुरू करून हॉर्न वाजवत बसतो. टूरच्या किमतीत किती तास धरलेत ते म्हणूनच आधी लिहून घ्यायचं.